पहिल्याच मोसमात चमकलेली खेळाडू कशी पारखावी?

प्रश्न एका आईचा आहे. त्यांची मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारी. घरात रोज वाद चालतो: कॅटलिन क्लार्क मोठी, की पेज बेकर्स, की आधीची कुणी? आई म्हणते आकडे बघ, मुलगी म्हणते तू मॅच बघ. त्यांनी विचारलंय की डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, पहिल्याच मोसमात सगळ्यात भारी खेळलेली खेळाडू कोण, ते ठरवायचं कशावरून, आणि मुलीने क्लार्कसारखे लांबून शॉट मारायला आतापासूनच सुरुवात करावी का.

ताई, तुमच्या लेकीचं बरोबर आहे. मॅचच बघायला हवी. पण कुठली मॅच, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. नव्या मुलीची पदार्पणाची मॅच सगळे बघतात. मी त्याच संघाविरुद्धची तिसरी किंवा चौथी मॅच बघते.

मी गेली सव्वीस वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवते आहे. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला मॅच सुरू होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. माझ्या सरावाला येणाऱ्या मुलींसाठी मी ती वेळ सांभाळते, कारण सकाळी सहाला कोर्टवर त्यांना दाखवायला काहीतरी हाताशी असतं. त्या सवयीतून जे कळलं तेच सांगते.

आधी लीग किती लहान आहे ते लक्षात घ्या. 2024 साली डब्ल्यूएनबीएमध्ये 12 संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त 12 खेळाडू. म्हणजे सगळ्या मिळून 144 जागा. दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नव्या मुली निवडतात; त्यात तीन फेऱ्यांत मिळून 36 मुली निवडल्या जायच्या. 144 जागा आधीच भरलेल्या असताना या 36 जणी जाणार कुठे? त्यांतल्या बऱ्याच जणी मे महिन्यात, लीग सुरू व्हायच्या आत घरी परततात. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे नोकरी लागली, असं इथे नसतं. जी टिकते तिला तयारीला वेळ मिळत नाही. क्लार्कचंच बघा. 7 एप्रिल 2024 ला ती आयोवाकडून कॉलेजची अंतिम मॅच हरली, 15 एप्रिलला इंडियाना फीव्हरने तिला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि 14 मे रोजी ती व्यावसायिक लीगची पहिली मॅच खेळत होती. मधे जेमतेम पाच आठवडे.

त्या पाच आठवड्यांत खेळ बदललेला असतो. कॉलेजमध्ये शॉट घ्यायला 30 सेकंद मिळतात, इथे 24. सहा सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण पहिला डाव फसला तर दुसरा रचायला लागतात तेवढेच ते असतात. कॉलेजात समोर अठरा ते बावीस वयाच्या मुली होत्या, इथे अठ्ठावीस-तीस वर्षांच्या बायका आहेत, ज्यांनी युरोपात, चीनमध्ये, ऑलिम्पिकमध्ये खेळून अंग घट्ट केलेलं आहे. त्या धक्का देतात तेव्हा तो पंचांना दिसत नाही, पण लागतो.

आता माझा मुद्दा. 2024 मध्ये 12 संघ आणि 40 मॅच होत्या, म्हणजे प्रत्येक संघाशी तीन-चार वेळा गाठ पडायची. पहिल्या मॅचला समोरच्या प्रशिक्षकाकडे नव्या मुलीचे कॉलेजमधले व्हिडिओ असतात, बस. दुसऱ्या वेळेपर्यंत तिला डावीकडे जायला आवडतं की उजवीकडे, दोघी अंगावर आल्या की ती चेंडू कुठे टाकते, दमल्यावर तिचा शॉट छोटा पडतो का, हे सगळं लिहून झालेलं असतं. लीग तिला शिकते. मग ती लीगला त्याहून लवकर शिकते का, हे बघायचं. गुण, पुरस्कार, मासिकांची मुखपृष्ठं या सगळ्यापेक्षा मला हे जास्त सांगून जातं.

क्लार्कच्या मोसमावर जरा थांबते, कारण हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं.

पहिली मॅच कनेटिकट सनविरुद्ध. क्लार्कचे 20 गुण, आणि चेंडू गमावला 10 वेळा. फीव्हर 92–71 असं हरले. दोन दिवसांनी न्यूयॉर्क लिबर्टी आले आणि 102–66 असं झोडपून गेले. 2 जूनला पुन्हा न्यूयॉर्क: 104–68, आणि त्या दिवशी क्लार्कचे गुण फक्त 3. सुरुवातीच्या नऊपैकी आठ मॅच संघ हरला होता. त्या दिवसांत अनेकांनी ‘कॉलेजची हिरॉइन, इथे नाही चालणार’ असं म्हणून टाकलं.

संघ तिला अडवत कसे होते? ती चेंडू घेऊन अर्ध्या कोर्टवर यायच्या आधीच एक मुलगी तिला अंगाला चिकटून घ्यायची. फीव्हरच्या उंच खेळाडूने स्क्रीन लावली, म्हणजे बचाव करणारीच्या वाटेत आडवी उभी राहिली, की स्क्रीनवरची दुसरी बचावपटूही क्लार्कवर धावायची, म्हणजे दोघींचा ट्रॅप, तोही बास्केटपासून तीस फुटांवर. हेतू असा की तिच्या हातून चेंडू सुटावा आणि परत तिच्याकडे येऊच नये. कॉलेजमध्ये तिच्याकडे यावर उत्तर होतं: मागे सरकून तिथूनच शॉट. इथे तो हात वेळेत वर जायच्या आत समोर कुणाचा तरी पंजा यायचा.

तिने जे बदललं ते सावकाश दिसायला लागलं. ट्रॅप येण्याची वाट न बघता ती आधीच पास सोडायला लागली. स्क्रीन लावणारी अलिया बॉस्टन दोन पावलं आत वळली की फ्री थ्रोच्या रेषेजवळ तिच्या हातात चेंडू, आणि मग तिथून चार विरुद्ध तीन असा खेळ. पहिल्या महिन्यात हेच पास बॉस्टनच्या हातातून निसटायचे. ते इतक्या लवकर आणि इतक्या जोरात येतील अशी सवय तिलाही नव्हती. जुलैपर्यंत दोघींचं जमलं. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू) मिळताच ड्रिबल न करता अर्ध्या कोर्टच्या पलीकडे टाकलेला लांब पास हे दुसरं हत्यार. बचाव रचला जायच्या आतच चेंडू सहकारी केल्सी मिचेलकडे पोचलेला असायचा.

6 जुलैला तोच न्यूयॉर्कचा संघ परत समोर आला. क्लार्क 19 गुण, 12 रिबाउंड, 13 असिस्ट (ज्यांवर सहकारी बास्केट करते ते पास). नवख्या खेळाडूने केलेला डब्ल्यूएनबीएच्या इतिहासातला पहिला ट्रिपल डबल, म्हणजे तीन बाबतींत दोन आकडी संख्या. फीव्हर 83–78 असे जिंकले. याच न्यूयॉर्कने त्या वर्षी विजेतेपद मिळवलं, म्हणजे कमकुवत संघाला हरवून केलेली ही कमाई नव्हती. चार भेटी, पहिली 36 गुणांनी हार, चौथी जीत. तुमच्या लेकीला मी ही चौथी मॅच दाखवीन. पण आधी 2 जूनची दाखवीन, पूर्ण, कंटाळा आला तरी.

17 जुलैला डॅलसविरुद्ध तिने 19 असिस्ट दिले, एका मॅचमधला लीगचा विक्रम. मोसमाअखेर 337 असिस्ट झाले, तोही त्या वेळचा विक्रम. आधीचा 316 चा विक्रम अलिसा थॉमसचा होता, आणि थॉमस होती त्या पहिल्या मॅचमधल्या कनेटिकट संघाची. पॅरिस ऑलिम्पिकच्या सुट्टीपर्यंत फीव्हरच्या 11 जीत आणि 15 हार होत्या, सुट्टीनंतर 9 जीत आणि 5 हार. शेवट 20–20. 2016 नंतर संघ पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये गेला. तिथे गाठ पुन्हा कनेटिकटशीच पडली आणि फीव्हर दोन्ही मॅच हरले. म्हणजे एका मोसमात तिने सगळी उत्तरं शोधली असं मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कचं शोधलं, कनेटिकटचं अर्धंच सापडलं.

आकडेवाल्यांनी हेही बघावं: सरासरी 19.2 गुण आणि 8.4 असिस्ट जसे तिचे, तसे दर मॅचला 5.6 टर्नओव्हरही (गमावलेले चेंडू) तिचेच, आणि मोसमातले एकूण 223 हासुद्धा लीगचा विक्रम आहे. ‘वर्षातली सर्वोत्तम नवखी’ या पुरस्कारासाठी 67 पैकी 66 मतं तिला पडली आणि ती योग्य होती. तरीही मुलींना शिकवताना मी तो 223 चा आकडा फळ्यावर लिहिते. ज्या मुलीच्या हातात सगळा खेळ आहे तिच्याकडून चुका होणारच, पण त्या चुका मोजल्या नाहीत तर कमी कशा होणार?

ते उरलेलं एक मत एंजल रीसला होतं. तिच्याबद्दल फार वाईट बोललं गेलं आणि ते मला लागलं. ड्राफ्टमध्ये शिकागो स्कायने तिला सातव्या क्रमांकावर घेतलं. तिने दर मॅचला सरासरी 13.1 रिबाउंड घेतले, लीगच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सरासरी. सलग 15 मॅचमध्ये डबल डबल (दोन बाबतींत दोन आकडी संख्या) केला, हाही विक्रम. मनगटाच्या दुखापतीने सप्टेंबरमध्ये तिचा मोसम अर्ध्यात संपला नसता तर आकडे आणखी वाढले असते. टीका अशी की बास्केटखालून ती फार शॉट चुकवते आणि स्वतःच्याच चुकलेल्या शॉटचे रिबाउंड घेऊन आकडे फुगवते. शॉट चुकायचे, हे खरं आहे; तिची टक्केवारी चाळिसाच्या आतच होती. पण चार बायकांच्या गर्दीत उडी मारून, खाली येऊन, त्यांच्याआधी दुसरी उडी मारणं हे कौशल्य आहे. बहुतेक मुलींची दुसरी उडी पहिलीच्या निम्मी असते. रीसची तेवढीच असते. पायांत ती ताकद वर्षानुवर्षं घालावी लागते. पुढच्या मोसमात तिची टक्केवारीही वाढली, म्हणजे तिनेही गृहपाठ केला.

तरीपण तुम्ही विचारलंत की सगळ्यात भारी कोण, तर माझं उत्तर कॅन्डेस पार्कर, 2008, लॉस एंजेलिस स्पार्क्स. यात मला शंका नाही.

पार्करचा कॉलेजचा शेवटचा महिना आठवला की अजून अंगावर काटा येतो. टेनेसीकडून खेळताना उपांत्यपूर्व फेरीत तिचा डावा खांदा निखळला, तो बसवून ती परत कोर्टवर आली, आणि एप्रिलमध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिलं. मे महिन्यात डब्ल्यूएनबीएतली पहिली मॅच, समोर आदल्या वर्षीचे विजेते फिनिक्स मर्क्युरी, त्यांच्याच कोर्टवर. 34 गुण, 12 रिबाउंड, 8 असिस्ट. पण आधीच म्हटलं तसं, पदार्पणावर जाऊ नका. मोसम संपला तेव्हा तिची सरासरी 18.5 गुण, 9.5 रिबाउंड, 3.4 असिस्ट आणि 2.3 ब्लॉक (अडवलेले शॉट) अशी होती. रिबाउंडमध्ये ती अख्ख्या लीगमध्ये पहिली. 2007 मध्ये 10 मॅच जिंकलेला संघ 2008 मध्ये 20 जिंकला. त्याच वर्षी मातृत्वानंतर संघाची अनुभवी सेंटर लिसा लेस्ली परतली होती हेही त्यामागे होतं, ते नाकारून चालणार नाही.

वर्षअखेरीस पार्करला सर्वोत्तम नवखी हा पुरस्कार मिळाला आणि लीगची सर्वोत्तम खेळाडू हाही. डब्ल्यूएनबीएमध्ये हे दोन्ही एकाच वर्षी मिळवलेली ती एकटीच आहे. पुरुषांच्या एनबीएमध्ये इतक्या दशकांत दोघांनाच जमलं, विल्ट चेंबरलेन आणि वेस अनसेल्ड.

मी तिला वर ठेवते त्यामागे एक तांत्रिक कारण आहे. क्लार्कला अडवायचं कसं हे संघांना माहीत होतं, ते अंमलात आणणं अवघड होतं इतकंच. पार्करला अडवायला कोण लावायचं हेच ठरत नव्हतं. सहा फूट चार इंच उंची, आणि रिबाउंड घेऊन स्वतःच ड्रिबल करत पुढे जाणारी. उंच सेंटर लावली तर पार्कर बाहेरून तिला मागे टाकून जायची, चपळ गार्ड लावली तर पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, पाठ देऊन डोक्यावरून शॉट. ट्रॅप केला तर तिला दोघींच्या डोक्यावरून अख्खं कोर्ट दिसायचं. लीगने तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंतही तिच्यावर नेमकं उत्तर काढलेलं मला दिसलं नाही.

दुसरं नाव टमिका कॅचिंग्ज. तुमच्या लेकीच्या पिढीला ते फारसं माहीत नसेल, म्हणून सांगते. 2001 च्या जानेवारीत, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. तरी इंडियाना फीव्हरने तिला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. 2001 चा सगळा मोसम ती बाकावर बसून होती. 2002 मध्ये उतरली आणि सरासरी 18.6 गुण, 8.6 रिबाउंड, 3.7 असिस्ट, 2.9 स्टील्स (हिसकावलेले चेंडू). संघ पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोचला. जन्मतः तिला कमी ऐकू येतं. कोर्टवर ‘स्क्रीन लेफ्ट’, ‘स्विच’ अशा आरोळ्यांवर बचाव चालतो, आणि जिला त्या नीट ऐकू येत नाहीत ती पुढे पाच वेळा लीगची सर्वोत्तम बचावपटू ठरली. ती डोळ्यांनी आधीच वाचते. समोरचीचा खांदा कुठे वळतोय, बोटं चेंडूवर कुठे आहेत. तिचे स्टील मी मुलींना आवाज बंद करून दाखवते.

बाकावर काढलेलं ते वर्षही मी तिच्या खात्यात जमा धरते. ज्यांना जेमतेम पाच आठवडे मिळतात त्यांच्यापुढे तिला बारा महिने मिळाले, लीग बाजूला बसून बघायला. दुखापत होऊन बाहेर बसलेल्या मुलींचे आई-वडील माझ्याकडे रडवेले येतात. त्यांना मी सांगते, तिला रोज मॅचला आणा, वही द्या.

माया मूरबद्दल थोडक्यात. 2011 मध्ये ती मिनेसोटा लिंक्सकडे आली. आदल्या वर्षी 13 जीत, त्या वर्षी 27, आणि विजेतेपद. पण तिच्याभोवती लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस, रिबेका ब्रन्सन होत्या. तिच्यावर ओझं कमी होतं, म्हणून सरासरी 13.2 गुणच दिसतात. उलट एजा विल्सन 2018 मध्ये लास व्हेगासला गेली तेव्हा तो संघ त्याच वर्षी सॅन अँटोनियोहून तिथे हललेला. तिची सरासरी 20.7 गुण, पुरस्कारासाठी एकमत, आणि संघ प्लेऑफच्या बाहेर. कुणाचा मोसम मोठा? दोघींना एकाच काट्यावर तोलता येत नाही. आकडे बघताना शेजारी कोण खेळत होतं हे आधी बघा, एवढंच तुम्हाला सांगेन. डायना टॉरासी आल्यावर फिनिक्स 8 जीतवरून 17 वर गेले (2004), ब्रियाना स्टीवर्ट आल्यावर सिएटल 10 वरून 16 वर (2016). हा फरक मला सरासरी गुणांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो.

आता जिच्यावर माझा जीव आहे ती. क्रिस्टल डेंजरफील्ड.

उंची पाच फूट पाच इंच. कनेटिकट विद्यापीठाची गार्ड, 2020 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, 16 व्या क्रमांकावर. ते करोनाचं वर्ष होतं. सगळे संघ फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनमध्ये एकत्र बंद, मोसम फक्त 22 मॅचचा, सराव शिबिर तुटपुंजं, प्रेक्षक नाहीत. मिनेसोटा लिंक्सला गार्ड कमी पडल्या आणि तिला सुरुवातीच्या पाचांत उभं करावं लागलं. थोड्याच दिवसांत सिल्व्हिया फाउल्सही पोटरीच्या दुखापतीने बाहेर गेली, म्हणजे आत पास द्यायला ती अनुभवी सेंटरही उरली नाही. डेंजरफील्डने सरासरी 16.2 गुण केले. संघाने 14 मॅच जिंकल्या आणि उपांत्य फेरी गाठली. दुसऱ्या फेरीत निवडली जाऊन सर्वोत्तम नवखी ठरलेली ती पहिली खेळाडू.

ती करत काय होती ते तुमच्या मुलीने जरूर बघावं, कारण तिची उंचीही बहुधा तेवढीच होईल. स्क्रीनवरून वळली की ती बास्केटपर्यंत जायचीच नाही. आत उंच मुली वाट बघत असायच्या. फ्री थ्रोच्या रेषेच्या एक पाऊल आत थांबून, बचाव करणारी मागे सरकत असतानाच, झटकन वर. किंवा एका पायावरून चेंडू उंच उचलून टाकायचा, म्हणजे आपण ज्याला फ्लोटर म्हणतो तो. पळण्याच्या वेगापेक्षा थांबण्याच्या वेगावर तिचं पोट चालत होतं.

आणि पुढे काय झालं हेही सांगायला हवं. पुढच्या मोसमात लिंक्सने नव्या गार्ड आणल्या, तिची वेळ कमी झाली, आणि 2022 चा मोसम सुरू होण्याच्या सुमारास त्यांनी तिला संघातून मोकळं केलं. दोन वर्षांपूर्वीची सर्वोत्तम नवखी, आणि संघात जागा नाही. तिचा खेळ खोटा होता असं मुळीच नाही. 144 जागांच्या लीगमध्ये उंच आणि तितकीच चपळ मुलगी मिळाली की प्रशिक्षक तिला घेतात. पुरस्काराने जागा राखून ठेवली जात नाही.

जॅकी स्टाइल्सची गोष्ट याहून कठीण. 2001 ची सर्वोत्तम नवखी, पोर्टलंड फायर संघाची. कॉलेजमध्ये 3393 गुण, त्या काळचा विक्रम. लहानपणापासून दिवसाला शेकडो शॉट घातलेलं शरीर दुसऱ्याच मोसमात बोलायला लागलं. खांदा, मनगट, पाय, एकामागून एक शस्त्रक्रिया. डब्ल्यूएनबीएत ती दोनच मोसम खेळू शकली. तेराव्या वर्षी रोज किती शॉट मारायचे हे ठरवताना मला ती आठवते.

पेज बेकर्स, 2025, डॅलस विंग्ज. तुमच्या घरच्या वादातलं दुसरं नाव. 19.2 गुण सरासरी, म्हणजे क्लार्कच्या पहिल्या मोसमाइतकीच, आणि असिस्ट 5.4. संघ मात्र 44 पैकी 10 च मॅच जिंकला, सहकारी सतत जखमी. तिची खरी खूण ही की चेंडू गमावण्याचं प्रमाण क्लार्कच्या निम्म्याहूनही कमी. 20 ऑगस्टला लॉस एंजेलिसविरुद्ध तिने 44 गुण केले ते 21 शॉटपैकी 17 घालून. जबरदस्तीचा एकही शॉट मला त्यात दिसला नाही. ती मॅच डॅलस 81–80 असे शेवटच्या क्षणी हरले. क्लार्क बचाव मोडून काढते, बेकर्स बचाव चुकेपर्यंत थांबते. कॉलेजात असताना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने तिचंही एक अख्खं वर्ष गेलं होतं. थांबणं ती तिथेच शिकली असावी असं मला वाटतं. त्याच ड्राफ्टमधली फ्रान्सची डोमिनिक मलोंगा सिएटलकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सुरुवातीला बाकावर, मोसमाच्या उत्तरार्धात वेळ वाढत गेली आणि ऑगस्टमध्ये ती वेगळीच खेळाडू वाटत होती. मे महिन्यातली मलोंगा बघून कुणी मत बनवलं असेल तर ते फसले.

तर माझा क्रम: पार्कर, कॅचिंग्ज, मग क्लार्क. बेकर्स क्लार्कच्या अगदी मागे, आणि कुणी तिला पुढे ठेवलं तर मी भांडणार नाही. पार्करच्या जागेसाठी मात्र भांडेन.

आपल्याकडच्या मुलींना यात कुठे बघायचं, हेही तुमच्या मनात असेल. डब्ल्यूएनबीएच्या मॅचमध्ये अजून भारतीय खेळाडू उतरलेली नाही. 2011 मध्ये आपली गीतू ॲना जोस शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो अशा तीन संघांच्या चाचण्यांना गेली होती. तिथपर्यंत पोचलेली ती पहिली भारतीय. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला पाठ आहे. तेराव्या वर्षी एवढं दिसणं पुरे असतं.

राहिला शेवटचा प्रश्न, लांबून शॉट मारण्याचा. आता नको. तीन गुणांची रेषा बास्केटपासून पावणेसात मीटरवर असते. तेरा वर्षांच्या मुलीला तिथून चेंडू पोचवायचा तर ती तो कमरेपासून उचलून, खांद्याने फेकते. दोन वर्षांत तीच सवय हाडात मुरते आणि मग कोपर रेषेत आणायला मला चार वर्षं लागतात. चार मीटरवरून, एका हाताने, दुसरा हात फक्त आधाराला, दहापैकी सात जायला लागले की अर्धा मीटर मागे. चेंडू 6 नंबरचाच वापरा. मुलांचा 7 नंबरचा घरात असेल तर तो शॉटच्या सरावाला देऊ नका.

क्लार्कचं तिला काही घ्यायचंच असेल तर ट्रॅप फोडणं घ्यावं. त्याला उंची लागत नाही, ताकदही फार लागत नाही. दोन मैत्रिणींना तिच्या अंगावर पाठवा. पहिल्या आठवड्यात फक्त एवढंच: त्या आल्या की मागे दोन ड्रिबल, पाठ न वळवता, डोळे वर. दोघींमध्ये जागा पडते ती तिला दिसायला हवी. दुसऱ्या आठवड्यात फ्री थ्रोच्या रेषेवर एक चौथी मुलगी उभी करा आणि त्या दोघींचे हात वर यायच्या आत तिच्याकडे पास, जमिनीवरून टप्पा देऊन. तिसऱ्या आठवड्यात पास दिल्यावर उभं राहायचं नाही, कोपऱ्याकडे पळायचं. दर वेळी किती पास हुकले ते तुम्ही वहीत लिहा. सुरुवातीला दहातले सहा हुकतील.